मुक्या रिळाचा आवाज

आमच्या त्रैमासिकाकडे सहा कॅसेटी होत्या. वर्षाला चार अंक आणि प्रत्येक अंकात दोन-तीन संभाषणं. कधी एखादा लेखक आणि एखादा माहितीपट करणारा समोरासमोर, कधी दोन लेखक. विषय संस्कृती आणि राजकारण, म्हणजे खरं तर कोण कधी कुणाला घाबरलं होतं, हा. संभाषण झालं की कॅसेट ताईंच्या टेबलावर जायची. ताई ती कागदावर उतरवायच्या, संपादक त्यातलं छापायचं ते निवडायचे आणि अंक बाजारात गेला की तीच कॅसेट पुसून पुढच्या पाहुण्यासमोर ठेवली जायची. एकाचा पश्चात्ताप पुसून त्याच फितीवर दुसऱ्याची बढाई. या काटकसरीचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता.

ताई बसायच्या जिन्याखालच्या खोलीत. खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. टेबलावर टंकयंत्र, टेबलाखाली कॅसेट पुढे-मागे करायचं पायाचं यंत्र आणि कानावर हेडफोन. हेडफोनच्या गाद्या कधीच्या विरल्या होत्या. ताईंनी जुन्या चादरीचं कापड बेतून नव्या शिवल्या होत्या. एकवीस वर्षांत शेकडो माणसं त्यांच्या कानातून गेली, पण त्यांच्यातल्या एकालाही त्यांनी समोरून पाहिलं नव्हतं. पाहुणे वरच्या मजल्यावर यायचे, बोलायचे, जायचे. ताईंना त्यांची पावलं ऐकू यायची.

त्या सगळं लिहायच्या. सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. त्यांच्या पानावर असं असायचं: ‘लोकशाही ही (ठसका. पाणी. सात सेकंद.) सवय आहे.’ किंवा: ‘मला कुणाचंच भय वाटत नाही. (खुर्ची मागे सरकते.)’ समासात दर अर्ध्या मिनिटाला वेळ. त्यासाठी त्यांच्याकडे एक थांबतं घड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, होतं. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यांनीच ते दिलं होतं. वर बजावलं होतं, ‘‘ऑफिसात काय मोजायचं ते मोज. घरी मी किती वेळ गप्प असतो ते मोजायचं नाही.’’

कचेरीत त्यांना तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे ठसकाताई. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना काय ऐकू येत नव्हतं?

संपादक वैतागायचे. ‘‘ताई, अहो, हा ठसका छापायचा का मी?’’

‘‘छापू नका. मी लिहिणार.’’

‘‘कागद फुकट जातो.’’

‘‘माणूस फुकट जातो त्यापेक्षा बरं.’’

ही खोड लहानपणची. त्यांचे काका छतावरून पडून पाठ मोडून घेतलेले, आतल्या खोलीत बारा वर्षं झोपून होते. बाहेरच्या खोलीत माणसं यायची, घरातले व्यवहार ठरायचे, लग्नं मोडायची. या आठ वर्षांच्या पुतणीला काका दाराशी बसवायचे आणि माणसं गेली की विचारायचे, कोण काय बोललं? तिनं घडाघडा सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘‘आणि गप्प कोण होतं?’’ पहिल्या वेळी तिला सांगता आलं नाही. काका रागावले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले. ती नंतर कधी चुकली नाही.

तर, एका वर्षी वरच्या खोलीत एक थोर कादंबरीकार आणि एक माहितीपट करणाऱ्या बाई यांचं संभाषण झालं. कादंबरीकार सत्तरीचे, शाळेच्या पुस्तकात असलेले, अकादमीच्या अध्यक्षपदासाठी नाव पुढे आलेले. बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, त्यांचे दोन माहितीपट सरकारनं अडवलेले. बोलता बोलता विषय निघाला तीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्षाचा, ज्या वर्षी सार्वजनिक वाचनालयांतून पुस्तकं काढून ट्रकमध्ये भरून नेली होती. त्या दिवशी सांस्कृतिक मंत्र्यांनी भाषण केलं होतं. ‘पुस्तकं वाट पाहू शकतात, देश पाहू शकत नाही.’ शाळेत आम्हा मुलांकडून ते पाठ करून घेत. भाषण इतकं चांगलं होतं, की मंत्र्यांनी ते स्वतः लिहिलं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

बाईंनी कादंबरीकारांना विचारलं, ‘‘कुणी लिहिलं असेल?’’

छापलेल्या अंकात उत्तर एवढंच होतं: ‘ते भाषण मी लिहिलं.’ त्याखाली लगेच पुढचा प्रश्न, चित्रपटांच्या अनुदानाबद्दल.

अंक निघाल्यावर चौथ्या दिवशी कादंबरीकारांचं पत्र आलं. असं वाक्य आपण उच्चारलेलंच नाही. संपादक त्या वेळी फोन घ्यायला खोलीबाहेर गेले होते. समोरच्या बाई आपल्या उघड वैरी. तेव्हा हे वाक्य ‘एका भाडोत्री, खोटारड्या टंकलेखिकेनं’ घुसडलं आहे. त्रैमासिकानं जाहीर माफी मागावी, नाहीतर न्यायालयात भेटू.

संपादक कॅसेटीकडे धावले. त्या कॅसेटवर तोवर एक प्रवासवर्णनकार नदीबद्दल दीड तास बोलून गेला होता.

विश्वस्तांची बैठक ठरली. माफीचा मसुदाही तयार झाला: ‘टंकलेखिकेच्या अक्षम्य चुकीमुळे.’ खाली ताईंच्या सहीला जागा. सही झाली की त्यांची रजा कायमची.

संपादक जिन्याखाली आले तेव्हा त्यांना ताईंच्या नजरेला नजर देववेना. ‘‘ताई, मला माहीत आहे तुम्ही चुकत नाही. पण पुरावा कुठाय? आपण मोडून पडू खटल्यात. एका वाक्याचा प्रश्न आहे.’’

ताईंनी भिंतीला लागून असलेल्या तीन कपाटांकडे बोट दाखवलं. ‘‘एका वाक्याचा नाही. यातलं एक वाक्य खोटं ठरलं की एकवीस वर्षांची सगळी पानं खोटी. उद्या ज्याला आपलं बोलणं नकोसं होईल तो येईल आणि म्हणेल, ठसकाताईंनी घुसडलं.’’

संपादकांना हे नाव ताईंसमोर पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं, तेही खुद्द ताईंच्या तोंडून.

त्या संध्याकाळी ताई ते संभाषण घरी घेऊन गेल्या. एकतीस पानं. नवरा भिंग डोळ्याला लावून एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसला होता. ताई मोठ्यानं वाचू लागल्या. चौदाव्या पानावर थांबल्या.

‘‘अहो, हे ऐका. ‘एका यंत्राची घरघर सुरू होते.’ आणि एकोणिसाव्या पानावर, ‘घरघर थांबते.’ दहा मिनिटांनी.’’

‘‘पंखा असेल.’’

‘‘पंखा बंद होताना हळूहळू मरतो. ही एकदम थांबलीय. खटकन. मी लिहिलंय.’’

नवऱ्यानं भिंग काढलं. ‘‘दहा मिनिटांत आपसूक थांबतं असं यंत्र... आमच्याकडे तरी नाही बाई. पण ज्यात काहीतरी संपतं, असं असणार.’’

‘‘काय संपतं?’’

‘‘फिल्म,’’ नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माहितीपटवाल्या बाईंना दुसऱ्या शहरात फोन लावला. पलीकडून आधी हसू आलं, मग खोकला. हो, कॅमेरा होता. कोपऱ्यात तिवईवर ठेवून एक रीळ चालवलं होतं, म्हाताऱ्याचे हात फार बोलतात म्हणून. रीळ धुऊन घेतलंय, पण काही उपयोगाचं नाही, संपादकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं.

‘‘का?’’

‘‘ताई, मी आवाज वेगळा घेते, आणि त्या दिवशी घेतलाच नाही. रीळ मुकं आहे.’’

‘‘चालेल,’’ ताई म्हणाल्या. ‘‘आवाज माझ्याकडे आहे.’’

बैठक सकाळी अकराला. वरच्या खोलीत खिडक्यांना काळं कापड, भिंतीवर पांढरी चादर, मधल्या टेबलावर प्रोजेक्टर. खुर्च्यांवर अध्यक्ष विश्वस्त, जे निवृत्त न्यायाधीश होते, शेजारी संपादक, मी मुद्रितं तपासणारा म्हणून एका कडेला, आणि कादंबरीकार. पांढरेशुभ्र कपडे, हातात काठी. माहितीपटवाल्या बाई रीळ चढवत होत्या. ताई दारात उभ्या. त्या खोलीत पाहुण्यांबरोबर बसायची त्यांची ही पहिली वेळ.

कादंबरीकारांनी त्यांना नखशिखान्त पाहिलं. ‘‘ह्या का त्या?’’

‘‘ह्याच त्या,’’ ताई म्हणाल्या.

न्यायाधीशांनी सगळं समजून घेतलं. रीळ दाखवायचं आणि ताईंनी आपली पानं मोठ्यानं वाचायची. कादंबरीकारांनी काठी आपटली. ‘‘हा काय पोरखेळ आहे? पडद्यावर बघून कोणीही कुठलंही वाक्य ओठांवर बसवील. मी आयुष्यभर पात्रांच्या तोंडी वाक्यं घालत आलोय. मला शिकवू नका.’’

‘‘मुद्दा बरोबर आहे,’’ न्यायाधीश म्हणाले.

‘‘मग मी पडद्याकडे पाठ करून बसते,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मी नाहीतरी तुम्हाला कधी पाहिलंच नव्हतं.’’

त्यांनी खुर्ची वळवली. चादरीकडे पाठ, तोंड आमच्याकडे. मांडीवर चौदा ते एकोणीस पानं, पानांवर छोट्या दिव्याचा उजेड, डाव्या हातात थांबतं घड्याळ. प्रोजेक्टर सुरू झाला.

‘‘घरघर सुरू होते,’’ ताईंनी वाचलं आणि घड्याळ दाबलं.

चादरीवर हीच खोली, हेच टेबल. कादंबरीकारांचे हात आणि चेहरा, समोर बाई, कडेला संपादकांचा खांदा. ताई वाचत होत्या. पण काहीतरी बिनसलं होतं. पडद्यावरची माणसं दचकून डावीकडे वळून पाहू लागली आणि ताई अजून लेखकांच्या मानधनाबद्दल वाचत होत्या. आणखी काही वाक्यं झाली, मग आलं, ‘‘खिडकी आपटते.’’ पडद्यावर तोवर सगळे पुन्हा सरळ बसून बोलत होते.

कादंबरीकार हसले. मोठ्यानं, मोकळं हसले. ‘‘घ्या! वा, ताई!’’

ताईंचा चेहरा मी पाहिला. तो पांढरा पडला नाही. कान टवकारलेलं जनावर जसं क्षणभर थिजतं, तशा त्या थिजल्या.

‘‘थांबवा,’’ त्या म्हणाल्या. मान न वळवता त्यांनी विचारलं, ‘‘बाई, रिळाचं सुरुवातीचं काही कापलंय का?’’

माहितीपटवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. ‘‘अरे देवा! कापलंय की. सुरुवातीच्या भागात उजेड शिरला होता. मी नेहमीच कापून टाकते. किती ते आठवत नाही.’’

‘‘सोयीचं विसरणं,’’ कादंबरीकार म्हणाले.

ताई न्यायाधीशांकडे वळल्या. ‘‘साहेब, मला फक्त खिडकी द्या. खिडकी आपटली की तुम्ही टेबलावर थाप मारा. तिथून मी वाचते. पुढची आठ मिनिटं मला कुणी काही सांगायचं नाही. एक ठसका जरी इकडचा तिकडे झाला तरी मी त्या माफीवर सही करते.’’

‘‘ताई!’’ संपादक अर्धे उठले.

‘‘बसा हो तुम्ही.’’

रीळ मागे गुंडाळलं गेलं. पुन्हा चादर उजळली. हात, टेबल, पेले. माना वळल्या. न्यायाधीशांची थाप पडली.

‘‘खिडकी आपटते,’’ ताईंनी वाचलं. ‘‘लेखक: वाराच सरकारी दिसतो. (दोघे हसतात. चार सेकंद.)’’

त्यांच्या पाठीमागे दोन माणसं हसू लागली. आवाज नसलेलं हसू, दात दिसणारं. चौथ्या सेकंदाला तोंडं मिटली.

मग ते घडत गेलं. ‘‘पेला उचलतात,’’ आणि पेला उचलला गेला. ‘‘दार. पावलं बाहेर,’’ आणि संपादकांचा अर्धा खांदा चौकटीतून निघून गेला. ‘‘लेखक: संस्कृती हा शब्द मी कमी वापरतो, तो (ठसका) घशात अडकतो,’’ आणि पडद्यावरचा म्हातारा छातीवर मूठ धरून ठसकला. खुर्च्यांमधून कुणीतरी श्वास आत ओढला. ताईंचा आवाज काही खास नव्हता, जरा जाडच होता. तरी त्या खोलीत त्या आवाजानं दोन चेहऱ्यांना जीभ दिली. बाईंचं बोलणं आलं की आवाज किंचित पुढे सरायचा, म्हाताऱ्याचं आलं की मागे टेकायचा. त्यांनी ते कुठं पाहिलं होतं? त्यांनी ते ऐकलं होतं, पाच-पाच वेळा, त्या जिन्याखाली, भिंतीकडे बघत.

‘‘प्रश्न: कुणी लिहिलं असेल?’’

मग त्यांनी वाचलं, ‘‘तेरा सेकंद शांतता.’’

त्या गप्प बसल्या. नजर घड्याळावर. चादरीवर म्हातारा हलत नव्हता. त्याचा अंगठा टेबलाच्या कडेवर मागे-पुढे, मागे-पुढे होत होता. प्रोजेक्टर फिरत होता. न्यायाधीश पुढे झुकले होते. मी कादंबरीकारांकडे पाहिलं. ते पडद्याकडे असे बघत होते, जसं एखाद्यानं आपल्याच घराच्या खिडकीतून आत बघावं आणि आत दिवा असावा.

दहा. अकरा. बारा.

पडद्यावर ओठ उघडले आणि ताई म्हणाल्या, ‘‘ते भाषण मी लिहिलं.’’

ओठ मिटले तेव्हा वाक्य संपलं होतं. केसाइतकंही अंतर नव्हतं.

‘‘पुरे,’’ न्यायाधीश म्हणाले. ‘‘माझी खात्री पटली.’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाल्या. रीळ चालू होतं, त्या वाचतच होत्या. ‘‘आठ मिनिटं म्हटलं होतं मी. लेखक: मला कुणी धमकावलं नव्हतं, बरं का. लोकांना वाटेल धमकावलं असेल. चहा दिला होता. चांगला चहा होता. (तीन सेकंद.) आणि मला ते वाक्य सुचलं. सुचल्याचा जो आनंद होतो ना, तो झाला. आनंदाला कळत नाही तो कुणाच्या टेबलावर बसलाय. घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाक्य छान आहे, पण आता आपण पुस्तकं कुठल्या तोंडानं आणायची घरात? (नाक ओढतात. नऊ सेकंद.) मी त्यानंतर अकरा कादंबऱ्या लिहिल्या. त्या सगळ्या मी तिला उत्तर म्हणून लिहिल्या. तिनं त्या वाचल्या, पण कधी काही म्हणाली नाही. ती गेल्यावर मला वाटलं, आता हे कुणाला तरी सांगायला हवं. तुम्ही माझ्या वैरी आहात, म्हणून तुम्हालाच सांगतो. मित्र लगेच माफ करतात.’’

यातलं एक अक्षरही अंकात नव्हतं. दोन रकाने जास्त होत होते, म्हणून संपादकांनी कापलं होतं, आणि ती काट मुद्रितात माझ्या नजरेखालून गेली होती. मी काही म्हणालो नव्हतो. गप्प कोण होतं, याचं त्या वेळचं उत्तर मीही होतो.

‘‘घरघर थांबते,’’ ताईंनी वाचलं. रिळाचं टोक सुटून फडफडू लागलं. चादर कोरी झाली.

कुणीतरी खिडकीचं काळं कापड ओढलं. सकाळ एकदम आत आली. कोंदटलं होतं म्हणून शिपायानं पंखा लावला.

कादंबरीकारांनी काठी गुडघ्याला टेकवली. मग संपादकांना म्हणाले, ‘‘हे मी बोललो होतो?’’

संपादकांनी होकारार्थी मान हलवली.

‘‘मग हे का नाही छापलंत? तुम्ही छापलंत ते वाचलं आणि मला वाटलं, असं छाती पुढे काढून मी म्हणणारच नाही. असा निर्लज्ज मी नाही. वाक्य माझंच होतं. मला ते नको होतं, एवढंच.’’

‘‘चूक माझी आहे,’’ संपादक म्हणाले. ‘‘जागा कमी पडली.’’

‘‘पुढच्या अंकात जागा करा. चौदा ते एकोणीस, सगळी पानं, जशीच्या तशी. ठसका, नाक, सगळं. अध्यक्षपद गेलं तर जाऊ दे.’’

न्यायाधीशांनी माफीचा मसुदा उचलला, आडवा फाडला, उभा फाडला. ‘‘आणि यापुढे,’’ ते म्हणाले, ‘‘ताईंना दाखवल्याशिवाय एक शब्द कापायचा नाही. कॅसेटीही पुसायच्या नाहीत. नव्या आणा.’’ माहितीपटवाल्या बाई रीळ डब्यात घालता घालता म्हणाल्या, ‘‘ताई, हे रीळ आता तुमच्या आवाजासकटच दाखवणार मी. दुसरा आवाज नको.’’ शिपायानं टाळी वाजवली, एकट्यानं. मग आम्ही सगळ्यांनी वाजवली.

ताई उठल्या. पानं टेबलावर आपटून सारखी केली. मग कादंबरीकारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘पत्रात मला खोटारडी म्हटलंत. भाडोत्री म्हटलंत. भाडोत्री ठीक आहे, मी पगार घेते. खोटारडी हा शब्द इथं, ह्यांच्यासमोर, परत घ्या.’’

खोलीत टाचणी पडली असती तर ताईंनी ती लिहिली असती.

कादंबरीकार काठीवर जोर देऊन उभे राहिले. थोर माणूस उभं राहताना जो वेळ घेतो तो न घेता, एखाद्या शाळकरी मुलासारखे झटकन. ‘‘मी तुम्हाला खोटारडी म्हणालो,’’ ते म्हणाले, ‘‘तो शब्द मी परत घेतो. खोटं मी बोललो. तुम्ही नाही.’’

ताईंनी डोकं किंचित कलतं ठेवून ऐकलं. मग शिपायाकडे बघून म्हणाल्या, ‘‘मामा, तो पंखा बंद करा.’’

पंखा हळूहळू मेला. पाती मोजता येतील इतकी सावकाश झाली, थांबली. ताई खुर्चीत बसल्या, एक कोरा कागद पुढे ओढला, पेन्सिल उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ज्याचं बोलणं उतरवायचं त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या,

‘‘हं. आता पुन्हा एकदा म्हणा. मघाशी घरघर होती.’’

कादंबरीकारांनी घसा साफ केला, आणि पुन्हा एकदा म्हटलं.